रुग्णाचा नकार आणि वैद्याचे कर्तव्य

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात आचार्य विनोबा भावे यांनी अन्न व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. तो नकार पूर्ण जाणिवेचा होता आणि सर्वस्वी स्वतःचा होता. आपल्या चिकित्सालयात धर्माच्या नावाने येणारा प्रत्येक नकार मात्र तसा असतोच असे नाही. म्हणूनच वैद्यबंधुभगिनींपुढे हा विषय मांडत आहोत.

समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक ठरविली. सक्षम प्रौढ व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा अधिकार २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने मान्य केला. चरकाचार्यांनी निर्देशकारित्व हा रुग्णाचा गुण सांगितला आहे. परंतु त्यावरून वैद्याला सक्ती करण्याचा अधिकार मिळत नाही.

आमच्या मते खरी उणीव आपल्याकडेच, माहिती देण्यात आहे. छत्रपती संभाजीनगरात जैन व मुस्लिम रुग्णांची संख्या मोठी आहे. आपण सहजपणे मधाचे अनुपान किंवा दशमूलारिष्ट लिहून देतो. पुष्कळ जैन कुटुंबांत मध वर्ज्य असतो, तर मद्याचा अंशही अनेक मुस्लिम रुग्णांना चालत नाही. अरिष्टाच्या बाटलीवरील स्वयंजनित मद्यार्काचा उल्लेख रुग्ण घरी वाचतो आणि आपल्याला न सांगता औषध बंद करतो. हा मुका नकार सर्वांत घातक होय. वास्तविक मधाच्या अभावी जुना गूळ घ्यावा, असे भावप्रकाशात सांगितले आहे. अरिष्टाऐवजी दशमूलाचा क्वाथ योजता येतो. आधी विचारले असते, तर नकाराचा प्रश्नच उद्भवला नसता.

दुसरा प्रश्न असा, की नकार नेमका कोणाचा? सर्पदंश झालेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तेथे रुग्णाने नकार दिलेलाच नसतो. त्याच्या वतीने इतरांनी तो दिलेला असतो. सुनेच्या वतीने सासरची मंडळी बोलू लागली, तर तिला एकांतात विचारावे. बालकाच्या जिवावर बेतले असता पालकांची श्रद्धा हे आपल्या स्वस्थ बसण्याचे कारण होऊ शकत नाही. त्याला तत्काळ रुग्णालयात पोहोचविण्याची खटपट केलीच पाहिजे.

सर्व सांगूनही प्रौढ रुग्ण ठाम राहिला, तर त्याच्या भाषेत परिणाम समजावून केसपेपरवर तशी नोंद व स्वाक्षरी घ्यावी. मात्र स्वाक्षरी घेतली म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपले, असे समजू नये. त्याने औषध नाकारले आहे, वैद्याला नव्हे. तो पुन्हा आल्यास आपले दार उघडे असले पाहिजे.