पोथी आणि पटाशी

संस्कृतांत नौकाशास्त्राचा विचार कोठें आढळतो, असें कोणी विचारलें म्हणजे धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथाकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ सालीं हिंदी नौकानयनावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा परामर्श घेतला, तेव्हांपासून सुशिक्षितांस तो विशेष परिचयाचा झाला. त्यांत 'क्षुद्रा' नांवाची नौका १६ हात लांब, ४ हात रुंद व ४ हात उंच सांगितली आहे. 'दीर्घिका' ३२ हात लांब, पण रुंदीला ४ हातच. हें वाचून आपणांस अभिमान वाटतो व तो योग्यच आहे. परंतु हींच मापें एखाद्या मेस्त्रीस देऊन "यावरून नौका करा" असें म्हटलें, तर तो पहिलाच प्रश्न करील, "बुडाचा बांक कसा घेऊं?" त्याचें उत्तर त्या तीन आंकड्यांत नाहीं. १६ हात लांब, ४ हात रुंद व ४ हात उंच अशी पेटीसुद्धां होऊं शकते.

या बांकाचें महत्त्व पुस्तकें वाचून कळत नाहीं. जुन्या शिडाच्या जहाजाची लांकडी प्रतिकृति घरीं करूं लागलें म्हणजे तें पहिल्या आठवड्यांतच कळतें. उदाहरणादाखल आपल्या मुंबईंतच बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें फ्रिगेट जातीचें लढाऊ जहाज घेऊं. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांमुळें इंग्लंडांत ओक लांकडाची टंचाई पडली, म्हणून ब्रिटिश आरमारानें मलबारी सागवान व मुंबईचे कारागीर यांचा आश्रय केला. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं तें बांधलें जाऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. इंग्लंडांत हार्टलपूल येथील संग्रहालयांत तें आजहि पाण्यावर उभें आहे.

त्याच्या जन्मकथेंत लक्षांत ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. त्याचे नकाशे 'जावा' नांवाच्या जहाजांतून मुंबईकडे निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नें 'जावा'चा पाडाव केला व नकाशेहि त्याबरोबर गेले. दुसरी प्रत येईपर्यंत काम खोळंबलें. मुंबईच्या कारागिरांस जहाज बांधतां येत नव्हतें, असें मुळींच नाहीं. परंतु ठरलेल्या जातीचें, ठरलेल्या बांकाचें जहाज हवें, तर नकाशा हवा. तो बांक तरी मूळचा कोणाचा? १७८२ सालीं इंग्रजांनीं पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजाचा! त्याच्या रेषा इंग्रजांनीं कागदावर उतरून घेतल्या आणि त्या कागदाच्या बळावर फ्रेंच जहाजाचा बांक मुंबईच्या गोदींत सागवानांत उमटला.

आतां प्रतिकृतीच्या कृतीकडे वळूं. नकाशा तीन दिशांनीं काढलेला असतो: एक बाजूनें, एक वरून व एक समोरून. फुटास अष्टमांश इंच, म्हणजे १ : ९६, हें प्रमाण घरच्या मेजास सोयीचें. जहाजाचा तोफांचा मजला सुमारें १५० फूट लांब, तो पावणेएकोणीस इंच होतो. सुमारें ४० फुटांची रुंदी ५ इंच होते. दोन इंच जाडीचा दोर शिवणाच्या दोऱ्याएवढा भरतो आणि साडेपांच फुटांचा खलाशी पाऊण इंचाहूनहि ठेंगणा. मूळ जहाज सागवानी असलें तरी प्रतिकृतीस सागवान घेऊं नये. त्याचे रेषे या प्रमाणांत फार ठळक दिसतात. हेदूसारखें बारीक पोताचें लांकूड बरें. खुंट्या बांबूच्या कराव्या.

प्रथम पठाण, म्हणजे तळाचा कणा, कापावा व त्यावर नकाशाबरहुकूम आडव्या फासळ्या गुण्या लावून उभ्या कराव्या. मग खरी परीक्षा येते. एक पातळ, लवचिक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत सर्व फासळ्यांवरून टेकवावी. पट्टी व फासळी यांमधून उजेड दिसला तर ती फासळी उणी आहे, तिला कातळी चिकटवावी. पट्टीला कुबड आलें तर अधिक आहे, ती कानसावी. प्रत्येक फासळी एकेकटी पाहतां निर्दोष वाटते. दोष दिसतो तो दहाजणींस एका पट्टीखालीं आणल्यावर.

पुढें फळ्या बसवावयाच्या. येथें शाळेंतलें त्रैराशिक कामास येतें. समजा, मध्यावर एका बाजूचा घेर ६ इंच आहे व ३६ फळ्या बसवावयाच्या आहेत. तर प्रत्येक फळी तेथें षष्ठांश इंच रुंद हवी. नाळेपाशीं घेर साडेचारच इंच असेल, तर तीच फळी तेथें अष्टमांश इंचापर्यंत निमुळती केली पाहिजे. हें गणित न करतां सरळ फळ्या ठोकीत जाणारा नाळेपाशीं अडतोच. फळ्या ऊन पाण्यांत भिजवून वांकवाव्या आणि एक उजवीकडे, एक डावीकडे अशा पाळीनें बसवाव्या; एकच बाजू आधीं पुरी केली तर कणा पिळवटतो. डोलकाठ्या, परभाणें व दोरांच्या शिड्या यांना यानंतर महिनेच्या महिने लागतात. परंतु ज्याचें बूड साधलें, त्याचें जहाज साधलें.

हा उद्योग करतां करतां मनांत एक खंत उभी राहते. 'त्रिंकोमाली'च्या जातीचे नकाशे उपलब्ध आहेत, म्हणून तिची प्रतिकृति खरी करतां येते. कान्होजी आंगऱ्यांच्या गुराबेची करूं म्हटलें तर? गुराबांचीं वर्णनें परकीयांच्या कागदांत सांपडतात, चित्रेंहि सांपडतात. परंतु चित्रावरून बुडाचा बांक घेतां येत नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील मेस्त्रींची परंपरा डोळ्याच्या व हाताच्या अंदाजानें बांधण्याची. बापाचा हात पाहून मुलाचा हात तयार होई. कागदाची गरजच पडत नसे. आणि ज्यांना लिहितां येत होतें ते आम्हीं पोथीवाले, सुतारआळींत कधीं बसलों नाहीं. पोथी एका आळींत राहिली, पटाशी दुसऱ्या आळींत. पोथींत तीन आंकडे उरले. पटाशीचा बांक ज्या हातांत होता, त्या हातांबरोबर गेला.

जें गेलें त्याचा शोक पुरे. पण जें अजून किनाऱ्यावर आहे त्याचें काय? कोंकणांत आतां फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. लांकडी होड्या वाळूंत उपड्या पडून कुजतांना दिसतात व त्या बांधणारे मेस्त्रीहि वयोवृद्ध होत चालले आहेत. सुटींत कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबांनीं आंबे-फणसांबरोबर एवढें एक काम करावें: मालकाची परवानगी घेऊन एक जुनी होडी मापावी. नाळेपासून पिछाडीपर्यंत मध्यरेषेंत ताणून सुतळी बांधावी. हातहातभर अंतरावर ओळंबा सोडून, निरनिराळ्या उंचीवर मध्यापासून फळीपर्यंतचें आडवें अंतर मोजावें. एकानें मोजावें, एकानें वहींत लिहावें. दोन दिवसांत काम होतें. मेस्त्री हयात असतील तर त्यांस गुरुस्थानीं मानून प्रत्येक अवयवाचें त्यांच्या तोंडचें नांव विचारावें आणि तें जसें ऐकलें तसेंच टिपावें.

घरीं आल्यावर त्या मापांचा नकाशा काढावा व त्यावरून प्रतिकृति करावी. माप चुकलें असेल तर पट्टी लागलीच सांगेल. घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हातांत पटाशी घेऊन बसली म्हणजे "अभ्यास सोडून सुतारकी काय मांडली आहे?" असें म्हणूं नये. त्या मेजावर जें चाललें आहे तें आपल्या घरांत पिढ्यानुपिढ्या राहून गेलेलें अध्ययनच आहे.