स्टिअरिंगलाही सूर्यास्ताचा नियम हवा



परदेशात भाड्याची गाडी घेऊन आपलं आपण फिरायचं म्हटलं, की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. "तिथे खाणार काय?" आणि "परक्या रस्त्यावर काही झालं तर?" मग कुणीतरी शुद्ध शाकाहारी ग्रुप टूरचं माहितीपत्रक पुढे करतं आणि विषय संपतो.

माझं मत थोडं वेगळं आहे. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या, कंदमूळ न खाणाऱ्या घराला ग्रुप टूरच्या बसपेक्षा भाड्याची गाडी जास्त सोयीची पडते. अट एकच. जेवणाचा जो नियम, तोच गाडी चालवण्यालाही लावायचा. सूर्य मावळायच्या आत गाडी मुक्कामाला.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर गेलो होतो. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिलं दडपण तिथेच कमी होतं.

आधी जेवणाचं. त्या देशात खाण्याचा प्रत्येक पदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो. लपवलेला सापडला तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मध, ताजी फळं नेऊच नका. मध आपण तसाही खात नाही! आम्ही कडक भाकरी, खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी नेली, फॉर्मवर लिहिली, पिशवी उघडून दाखवली. अधिकारी बाईंनी पाहिलं आणि जाऊ दिलं. डाळ, तांदूळ, पीठ तिथल्याच भारतीय दुकानातून घेतलं. तिथल्या बऱ्याच मोटेलांत खोलीतच छोटा ओटा, शेगडी, भांडी असतात. कुकर मात्र घरचा न्या. पाणी गाळायचं फडकंही.

आता वेळेचं. नोव्हेंबरात क्वीन्सटाउनला सूर्य आठनंतर मावळतो. सातला सगळ्यांची जेवणं उरकलेली असायची. हाच प्रवास मे महिन्यात केला तर तिथे हिवाळा तोंडावर आलेला असतो, सव्वापाचच्या सुमारास अंधार. तेव्हा तिकिटं काढण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघा, मग सुट्टी ठरवा. ग्रुप टूरमध्ये जैन जेवण मिळतं हे खरं, पण बस हॉटेलला कधी पोहोचणार ते आपल्या हातात नसतं. डब्यात जैन जेवण आणि घड्याळात रात्रीचे नऊ, हे मी दोन सहलींत पाहिलंय.

पण माझा खरा मुद्दा स्टिअरिंगचा आहे. नकाशावर तिथली अंतरं फसवी दिसतात. ते आनाउ ते मिलफर्ड साउंड फक्त ११८ किलोमीटर. आपण म्हणतो, हे काय, सांगलीहून सोलापूरपेक्षाही जवळ! पण वाटेत वळणं, डोंगर, सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा. न थांबता गेलं तरी दोन तास हवेतच. क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड करून परत येणारे पुष्कळ असतात. एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ तास चाक हातात. आम्ही ते आनाउला दोन रात्री राहिलो. एक ठिकाण कमी पाहिलं. त्याचं मला काही वाटत नाही.

तिथे मोकळ्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. ती मर्यादा आहे, गाठलीच पाहिजे असं नाही. पूल कित्येक ठिकाणी एकेरी. गोल पाटीवर आपल्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूला घेऊन वाट द्यायची. २०१५ साली याच बेटावर वेड्यावाकड्या गाड्या चालवणाऱ्या पर्यटकांच्या किल्ल्या गावकऱ्यांनी काढून घेतल्या होत्या. कायद्याने ते बरोबर नव्हतं, पण त्यांचा राग मला समजतो. रस्ता त्यांच्या मुलाबाळांचाही आहे. पाहुण्याने दमलेल्या डोळ्यांनी तिथे गाडी रेटू नये.

आणि रस्ता मुक्या जीवांचाही आहे. अंधार पडला की तिथे पोसम नावाचे प्राणी, ससे रस्त्यावर येतात. सकाळी डांबरावर ते चिरडलेले दिसतात. पोसम ऑस्ट्रेलियातून आणलेला. तो तिथल्या पक्ष्यांची अंडी, पिल्लं खातो, म्हणून लोकांना त्याचं फारसं दुःख नसतं. पण आपल्या चाकाखाली यायला तो का हवा? रात्री न जेवण्यामागे आपण जीवदयेचं कारण सांगतो, आणि त्याच रात्री काचेवर किडे आपटत शंभरच्या वेगाने जातो, हे मला पटत नाही. दिवसाही हिंसा पूर्ण टळत नाही, पण टाळता येते तेवढी तरी टाळू या.

जीवदयेची उलटी बाजूही तिथेच शिकायला मिळाली. होमर बोगद्यापाशी किया नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसतात, दारांची रबरं ओढतात. सासूबाईंचा हात लगेच खाकऱ्याकडे गेला, रोज गच्चीवर पाखरांना दाणे टाकायची सवय! पण तिथे पाटीच आहे, खायला घालू नका. माणसांच्या खाण्याने ते आजारी पडतात, रस्त्यावर रेंगाळून गाडीखाली येतात. तिथे न देणं हीच दया.

सगळ्यांनीच गाडी घ्यावी असं मी म्हणत नाही. घरात सराईत चालवणारं एकच माणूस असेल, घाटाची सवय नसेल, तर ग्रुप टूरच बरी. जाणार असाल तर मात्र एवढं करा. इंग्रजीतला परवाना आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही न्या. विम्यात कोणते रस्ते चालत नाहीत ते सही करण्याआधी वाचा. विमानातून उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका, नोव्हेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं, झोप पूर्ण होऊ द्या. दिवसाला चार तासांच्या वर चालवायचं नाही.

आणि रोज सकाळी मुक्कामाच्या पत्त्याशेजारी त्या गावच्या सूर्यास्ताची वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे ते काम धाकटीकडे होतं. दुपारी चारपासूनच ती मागच्या सीटवरून आठवण करायला लागायची.