उस्मानिया कुणाचं?

धाराशिवच्या नावावरून गेली काही वर्षं इतकं भांडण झालं, की त्या जुन्या नावाचं एक भावंड हैदराबादेत आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ज्या मीर उस्मान अली खान यांच्यावरून गावाला उस्मानाबाद म्हटलं गेलं, त्यांच्याच नावाचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झालं. गावाचं नाव बदललं, विद्यापीठाचं तेच राहिलं. नावाच्या वादात मला पडायचं नाही. मला बोलायचं आहे ते तिथून शिकून बाहेर पडलेल्या माणसांबद्दल.

उस्मानियाविषयी आपल्याकडे दोन ठाम मतं ऐकू येतात. आपल्या समाजातली काही मंडळी म्हणतात, निजामाने विद्यापीठ दिलं, ते आपलं वैभव. समाजाबाहेरची काही मंडळी म्हणतात, निजामाचं म्हणजे रझाकारांचं, त्याच्याशी आमचा संबंध काय? तिथल्या विद्यार्थ्यांची यादी समोर ठेवली तर ही दोन्ही मतं टिकत नाहीत.

मखदूम मोहिउद्दीन उस्मानियाचे एम.ए. उर्दूचे मोठे शायर. पण त्यांनी आयुष्य कामगार संघटनांत आणि तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यात घातलं, आणि तो लढा निजामाच्या राजवटीविरुद्ध होता. 1938 मध्ये याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले. म्हणजे राजाने विद्यापीठ काढलं आणि राजाला प्रश्न विचारणारे तिथेच तयार झाले. त्यांत मुसलमानही होते आणि हिंदूही.

आता मराठवाड्याकडे या. शंकरराव चव्हाणांनी कायद्याची पदवी उस्मानियातून घेतली. चाकूरचे शिवराज पाटील तिथेच विज्ञान शिकले. आजचा लातूर जिल्हा 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. 1991 ते 1996 या काळात देशाचे पंतप्रधान नरसिंह राव होते, गृहमंत्री शंकरराव आणि लोकसभेचे अध्यक्ष शिवराज पाटील. तिघांच्याही शिक्षणाची वाट उस्मानियावरून गेलेली. दिल्लीची तीन मोठी पदं एकाच वेळी जुन्या हैदराबाद संस्थानातल्या माणसांकडे होती आणि त्यांतले दोघे मराठवाड्याचे होते.

राजकारण सोडलं तरी यादी संपत नाही. श्याम बेनेगल तिथे अर्थशास्त्र शिकले आणि सिनेमाकडे वळले. हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून 'भूमिका' त्यांनीच केला. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले रसायन अभियंता झाले आणि नाव कमावलं क्रिकेटच्या समालोचनात. शंतनू नारायण इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि अडोबी या जगभर पसरलेल्या कंपनीचे प्रमुख झाले. शायर, वकील, दिग्दर्शक, समालोचक, कंपनीचा प्रमुख! सरकारी विद्यापीठ म्हणजे कारकून तयार करायचा कारखाना असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

हे वैभव कुणाचं, याचं उत्तर हिशेबात आहे. विद्यापीठ उभं राहिलं संस्थानाच्या तिजोरीतून, आणि ती तिजोरी भरत होती रयतेच्या साऱ्यातून. भूम, परंडा, कळंब, तुळजापूरच्या शेतकऱ्याने ज्वारी विकून सारा भरला, त्यातला काही पैसा त्या इमारतींत आहे. म्हणून उस्मानिया एकट्या निजामाचं नाही, एकट्या मुसलमानांचं तर नाहीच. ते जितकं मखदूमचं, तितकंच शंकररावांचं.

एक कडू गोष्टही मान्य केली पाहिजे. उस्मानियाने उर्दूतून वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवली, त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं. देशी भाषेत उच्च ज्ञान देता येतं हे त्याने दाखवून दिलं, आणि ही कामगिरी मोठी आहे. पण ज्या रयतेने सारा भरला तिच्यातली बहुतेक माणसं मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी होती. आपल्या खेड्यांतला पिंजारी, तांबोळी, आतारसुद्धा रोजच्या व्यवहारात मराठीच बोलत होता. त्यांच्या मुलांना विद्यापीठाची पायरी चढण्याआधी भाषेची पायरी चढावी लागली. किती जण त्या पायरीवरूनच माघारी फिरले असतील! नामवंतांच्या यादीत त्यांची नावं कधीच येत नाहीत.

1958 मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झालं आणि हैदराबादचा लांबचा रस्ता संपला. त्या विद्यापीठाला पुढे बाबासाहेबांचं नाव मिळालं. ज्या बाबासाहेबांना 1953 मध्ये मानद डॉक्टरेट देणारं विद्यापीठ होतं उस्मानिया! आज धाराशिव शहरातच त्या विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. रस्ता आणखी जवळ आला. पण 2018 मध्ये नीती आयोगाने देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. 2022 मध्ये केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. इमारत जवळ आली आणि तिथे टिकून राहण्याचा आधार मात्र काढून घेतला गेला.

या फेलोशिपसाठी आपल्या समाजात जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला का? नावाच्या पाटीसाठी मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. उपकेंद्रात किती प्राध्यापक कायम आहेत, मुलींच्या वसतिगृहात किती जागा आहेत, बारावीनंतर आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुली पुढे शिकतात, हे विचारायला कुणी निवेदन घेऊन गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जिल्ह्याला काय म्हणायचं ते सरकारने ठरवलं. पुढचा मखदूम किंवा पुढचा बेनेगल कळंबच्या एखाद्या गल्लीत असेल, तर त्याला वर्गात बसवायचं की गॅरेजमध्ये, हे अजून आपल्या हातात आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. पाटीवर नाव कोणतंही असो, मुलींना सोबत घेऊन त्या रांगेत उभे राहा.