पाहुण्याची बंदूक आणि शेतकऱ्याचें रान

खरीप खळ्यावर आला, रब्बीचीं पिकें गुडघ्याएवढीं झालीं आणि रात्री गार पडूं लागल्या, कीं शहरांतील बंदुकवाल्या मंडळींस खेड्यांतील मित्रांची एकाएकीं आठवण होऊं लागते. शनिवारीं सायंकाळीं यावें, रात्रभर दिव्याच्या झोतांत रान पालथें घालावें आणि रविवारीं जेवून परत जावें, असा त्यांचा बेत असतो. पूर्वीं हे पाहुणे शिकारीस म्हणून उघडपणें येत. आतां त्या शब्दामागें कायद्याचें भय असल्यामुळें ते निराळी भाषा बोलतात. "तुमच्याकडे डुकरें फार माजलीं आहेत असें ऐकतों, आम्ही येऊन त्यांचा बंदोबस्त करून देतों," असें ते म्हणतात, आणि ज्याचा भुईमूग आदल्याच रात्रीं उकरला गेला आहे त्या शेतकऱ्यास तें बोलणें गोड वाटतें. या गोड बोलण्यापासून शेतकऱ्यास लाभ किती व हानि किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. रानडुकरांच्या उपद्रवाची ओरड खोटी आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची उमेद गेली. पंचनाम्याचे कागद आमच्या हातांखालून गेले आहेत, आणि कित्येक ठिकाणीं बांधावर उभें राहून नुकसान आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेंही आहे. डुकरांचा कळप एका रात्रींत भुईमुगाच्या ओळीच्या ओळी नांगरल्यासारख्या उलटतो. मक्याचें ताट आडवें पाडून कणीस अर्धें खातो व अर्धें तुडवितो. उंसांत शिरला म्हणजे खातो त्यापेक्षां मोडतो अधिक. काळविटांचे कळप जेथें आहेत तेथें हरभऱ्याचे शेंडे राहत नाहींत. 'मुकीं जनावरें, खातील थोडें,' असें म्हणणाऱ्या सुखवस्तु गृहस्थांनीं, ज्या पिकावर सोसायटीचें कर्ज फेडावयाचें तें पीक एका सकाळीं मातींत गेलेलें पाहिलेलें नसतें. तेव्हां शेतकऱ्याचा संताप खरा आहे. प्रश्न एवढाच, कीं पाहुण्याची बंदूक हें त्यावर औषध आहे काय?

आमच्या एका स्नेह्यांच्या शेतावर गेल्या हिवाळ्यांत जें घडलें तें येथें नमूद करतों. त्यांचें शेत ओढ्याच्या कांठीं असून एका अंगास ऊंस व दुसऱ्या अंगास हरभरा होता. त्यांचे एक जुने वर्गबंधु आपल्या मित्रास घेऊन एका शनिवारीं जीपगाडीनें आले. स्नेही भिडस्त स्वभावाचे. त्यांच्यानें 'नको' म्हणवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही कामानिमित्त तेथें गेलों, तों पाहुणे निघून गेले होते व स्नेही बांधावर डोकें धरून बसले होते. कारकुनाची संवय म्हणून आम्हीं त्या रात्रीचा जमाखर्च त्यांच्यासमोर कागदावर मांडला. जमेच्या बाजूस मेलेलें डुक्कर एकही नव्हतें. खर्चाच्या बाजूस गाडीच्या चाकांखालीं व बुटांखालीं गेलेला सुमारें तीन गुंठे हरभरा, फुटलेली ठिबकाची नळी, बांधावरचे चार तित्तर व एक ससा, आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे अंगांत छरे घेऊन उंसांत शिरलेलें एक जखमी डुक्कर.

ऊंसतोडीची टोळी दुसऱ्याच दिवशीं यावयाची होती. ती आली, पण हकीकत कळतांच मुकादम म्हणाला, "मालक, जखमी जनावर आंत आहे. माझीं माणसें मी या फडांत घालणार नाहीं." त्याचें म्हणणें रास्त होतें. टोळींत नवरा-बायको जोडीनें राबतात, तान्हीं मुलें फडाच्या कडेस झोळींत निजविलेलीं असतात. चिडलेलें डुक्कर बाहेर पडलें तर पहिला घाव कोणावर पडेल हें सांगावयास नको. टोळी पुढच्या गांवास गेली. ऊंस पंधरा दिवस तसाच उभा राहिला, व वजनांत घट आली ती निराळीच. पाहुण्यांस याची वार्ताही नव्हती.

ही केवळ एका शेतावरची गोष्ट नव्हे. हौसेच्या शिकारीचा गुणधर्मच असा आहे. डुक्कर हें मोठें सावध जनावर. एका रात्रीच्या बारांनीं कळप ओढ्यापलीकडे शेजाऱ्याच्या शेतांत जातो आणि चार दिवसांनीं परत येतो. मादी एका वेतास चार-सहा पिलें सहज देते. तेव्हां हंगामांत एखादें डुक्कर पाडल्यानें संख्येस खळ पडत नाहीं. शिवाय पिलें उचलणारा लांडगा आपणच बंदुकीनें व विषानें रानांतून घालविला, आणि उंसाचा बारमाही आडोसा डुकरांस करून दिला. हें कारण कायम असतां शनिवारच्या चार गोळ्यांनीं काय होणार?

बरें, डुक्कर हातीं लागलें नाहीं म्हणून पाहुणा रिकाम्या हातानें जातो असें नाहीं. दिव्याच्या झोतांत ससा थिजून बसतो, त्यास गोळी. पहांटे बांधावर तित्तर ओरडतो, त्यास गोळी. झाडावर घुबड दिसलें तर तें अशुभ म्हणून त्यासही गोळी. वास्तविक तित्तर हा वाळवी व किडे वेंचणारा शेताचा बिनपगारी चाकर आहे, आणि पिंगळा व गव्हाणी घुबड हे उंदरांवरचे रात्रीचे पहारेकरी आहेत. ससा हरभऱ्याचे कोंब कुरतडतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सशामुळें कोणाचें कर्ज थकलें अशी नोंद आमच्या पाहण्यांतील एकाही दप्तरांत नव्हती. तात्पर्य, शत्रु जिवंत राहतो आणि मित्र पिशवींतून शहरास जातात.

आतां कायद्याचें पाहूं. रानांतील पशुपक्ष्यांस संरक्षण देणारा कायदा इंग्रजी अमदानींतही १९१२ सालीं झाला होता. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्यांत आरंभीं शिकारीचे परवाने देण्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आली. म्हणजे हौसेची शिकार बंद होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनें दंड वाढले. सर्वसाधारण गुन्ह्यास तीन वर्षेंपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. काळवीट किंवा चिंकारा यांसारख्या पहिल्या अनुसूचींतील प्राण्याची शिकार झाली तर कैद तीन वर्षांहून कमी नाहीं व सात वर्षेंपर्यंत, आणि दंड निदान पंचवीस हजार रुपये. वापरलेली गाडी व हत्यार सरकारजमा होतें. बंदुकीचा परवाना खिशांत आहे, मग भय कशाचें, असें कांहीं जण म्हणतात. परंतु हत्यार बाळगण्याची परवानगी व जनावर मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, परंतु त्या परवान्यानें वन्यजीव कायदा बाजूस सरत नाहीं. चौकशी आली म्हणजे गाडी शहरांतली, बंदूक शहरांतली, परंतु रक्त ज्या जमिनींत सांडलें तिचा सात-बारा शेतकऱ्याच्या नांवाचा! पहिलें बोलावणें कोणास येईल याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. साहेबांच्या अमदानींत त्यांच्या शिकारीचा हाका घालण्यासाठीं गांवकऱ्यांस वेठीस धरीत. संस्थानांतून चित्ते पाळून त्यांजकडून काळविटांची शिकार करविण्याचा षोक होता. कोल्हापूर त्यासाठीं प्रसिद्ध होतें. पुढें त्या चित्त्याचीच काय गति झाली? १९४७ सालीं कोरिया संस्थानच्या राजांनीं तीन चित्ते गोळी घालून मारले. हिंदुस्थानांतील त्या जातीचे ते शेवटचे चित्ते मानले जातात. १९५२ सालीं चित्ता या देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. सप्टेंबर २०२२ मध्यें नामिबियांतून आठ चित्ते विमानानें आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडावे लागले. जें जनावर कांहीं क्षणांत मारलें, त्याची जात परत आणावयास पंचाहत्तर वर्षें व परदेशाचें विमान लागलें! आपल्याकडे सोलापुराजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. नाकतोडे व किडे खाऊन माळरान राखणारा तो थोर पक्षी आज तेथें दृष्टीस पडणेंही दुर्मिळ झालें आहे. माळरानें मोडलीं हें त्याचें एक कारण असलें, तरी मांसासाठीं झालेली शिकार हेंही एक कारण होतें.

मग शेतकऱ्यानें हात जोडून स्वस्थ बसावें काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. अधिनियमाच्या कलम ११ अन्वयें, जें जनावर मनुष्याच्या जिवास किंवा उभ्या पिकासुद्धां मालमत्तेस धोका देतें, त्यास मारण्याची परवानगी अधिकाऱ्यास कारणें नमूद करून लेखी देतां येते. मात्र असें मारलेलें जनावर सरकारी मालमत्ता होतें. मांसाचा वांटा कोणास मिळत नाहीं. बंदोबस्त करावयास येणाऱ्या पाहुण्यांस ही अट अगोदर वाचून दाखवावी, आणि मग किती जण येतात तें पाहावें!

आमची तक्रार आहे ती येथें. परवानगीची वाट कायद्यांत आहे, पण अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो, आणि आदेश येईपर्यंत पीक संपलेलें असतें. जनावर रात्रीं येतें व कागद महिन्यांनीं येतो, ही स्थिति पालटली पाहिजे. अन्यत्र मार्ग निघाला आहे. बिहारांतील कांहीं जिल्ह्यांपुरती नीलगाय व रानडुक्कर यांस केंद्र सरकारनें २०१५ सालीं एका वर्षासाठीं उपद्रवी प्राणी ठरविलें होतें. केरळांत २०२२ सालीं रानडुकरांपुरता परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणला गेला. कोणी मारावें, किती मारावें व मारल्यावर काय करावें हें ठरलेलें असतें, त्यास बंदोबस्त म्हणतात. मन मानेल तेथें बार काढण्यास तें नांव शोभत नाहीं. आपल्या सोसायट्यांनीं अशा जलद व्यवस्थेची मागणी एकमुखानें केली पाहिजे.

तोंवर शेतकऱ्याच्या हातीं आहे तें त्यानें करावें. नुकसान दिसतांच त्याच दिवशीं छायाचित्र काढावें, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची तारखेसह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज हा दिलेलाच नव्हे, हें आमच्या नोकरींतील अनुभवाचें सार आहे. वन्यप्राण्यांनीं केलेली पीकहानि प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत २०२६ च्या खरिपापासून जादा संरक्षण म्हणून समाविष्ट होईल व खबर ७२ तासांच्या आंत द्यावी लागेल, असें केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर केलें. तरी याविषयीं ज्यानें त्यानें आपल्या गांवीं चौकशी करावी. सौर कुंपण एकट्यास झेपत नसेल तर चौघांनीं मिळून करावें. परंतु खांबावरची वीज उघड्या तारेंत सोडण्याचें पाप कोणीही करूं नये. त्या तारेस डुक्कर ओळखतां येत नाहीं, आणि पाणी द्यावयास निघालेला शेजाऱ्याचा मुलगाही ओळखतां येत नाहीं. प्रत्येक सोसायटीनें गांवच्या नुकसानीची एक वही ठेवावी. तारीख, गट नंबर, पीक, क्षेत्र व जनावर एवढे पांच रकाने पुरेत. शंभर तोंडी तक्रारींपेक्षां अशी एक वही कचेरींत अधिक बोलते.

राहतां राहिला तो शहरांतील मित्र. त्याच्याशीं वैर करावें असें आम्ही सांगत नाहीं. मित्रासह दोन दिवस रानांत काढण्याची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे. डॉक्टर सलीम अली यांनींही लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली होती. तिची ओळख पटवावयास ते १९०८ सालीं मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेंत गेले आणि पुढें सारा जन्म पक्ष्यांच्या अभ्यासांत घालविला. पाहुण्यानें अवश्य यावें, भाकरी खावी, दुर्बीण आणावी. आणि शेतकऱ्याविषयीं खरीच कळकळ असेल तर शनिवारची एक रात्र मित्राबरोबर माळ्यावर बसून पिकाची राखण करावी, डबे वाजवावे, हाळ्या द्याव्या. पहांटे दंवानें भिजून खालीं उतरल्यावर एका रात्रीची जाग काय असते हें त्यास कळेल, आणि अर्जावर सही करणारा कोणी अधिकारी त्याच्या ओळखीचा असेल तर तो त्याच्याजवळ चार शब्दही बोलेल. बंदूक मात्र त्यानें घरींच ठेवावी. आणि तो ती घेऊन आलाच, तर भीड बाजूस सारून त्यास बांधावरूनच परत लावणें हें शेतकऱ्याचें काम आहे.