बुटाच्या टाचेवर

नकाशे उघडा पाहू! युरोपच्या दक्षिणेला, समुद्रात सोडलेला एक लांब बूट दिसतोय? तो इटली देश. आता त्या बुटाच्या टाचेवर बोट ठेवा. तिथे आहे लेच्चे प्रांत. प्रांत म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच काहीसं. आज आपल्याला तिथे जायचंय.

पहाटे लवकर उठायचं हं! ओत्रांतो गावाजवळचं टोक हे इटलीचं सगळ्यात पूर्वेकडचं ठिकाण. समोर एड्रियाटिक समुद्र आणि पलीकडे, सुमारे ७० किलोमीटरवर, अल्बानिया देश. हवा स्वच्छ असली तर तिथले डोंगरही दिसतात. सूर्य समुद्रातून वर येतो. आणि गंमत म्हणजे संध्याकाळी पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला गाल्लीपोलीला गेलात, की तोच सूर्य दुसऱ्या, म्हणजे आयोनियन समुद्रात बुडताना दिसतो. आपल्या मालवण-रत्नागिरीच्या मुलांना सूर्यास्त रोज फुकट मिळतो, पण सूर्योदय मात्र डोंगराआडून. इथे एकाच दिवसात दोन्ही!

ओत्रांतो सोडण्यापूर्वी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये डोकावू या. वर बघू नका, खाली बघा. ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली रंगीत खडे बसवून तिथल्या जमिनीवर एक प्रचंड झाड काढलेलं आहे. फांद्यांमध्ये माणसं, प्राणी, राजे, राक्षस, सगळी गर्दी. आणि हे झाड उभं कशावर आहे माहीत आहे? दोन हत्तींच्या पाठीवर! हे झाड ध्यानात ठेवा.

आता गाडीत बसा. लाल माती, आणि शेताशेताला चुना-सिमेंटाशिवाय, नुसता दगडावर दगड रचून केलेल्या भिंती. कोकणातली मुलं लगेच ओरडतील, "बाई, हा तर गडगा!" अगदी बरोबर. असे गडगे रचण्याच्या कलेची २०१८ साली युनेस्कोने आठ देशांच्या नावे वारसा म्हणून नोंद केली. वाटेत नदी शोधू नका, सापडायची नाही. खालचा चुनखडीचा दगड पावसाचं पाणी पिऊन टाकतो. कालिमेरा नावाचं गाव लागेल. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ शुभ सकाळ. या भागात काही म्हातारी माणसं अजून ग्रीकची एक जुनी बोली बोलतात, इटलीत राहून!

पण खिडकीबाहेर काहीतरी चुकतंय ना? मैलोन् मैल ऑलिव्हची झाडं आहेत, जाडजूड, पीळ पडलेल्या खोडांची, काही तर कित्येक शतकांची. आणि त्यातली पुष्कळशी वाळून करडी झालेली. हिरवं पान नाही.

याचं उत्तर गाल्लीपोलीत. तिथे जमिनीखाली खडकात कोरलेले जुने तेलघाणे आहेत. वर थंडी असली तरी खाली ऊब, म्हणून तेल गोठत नसे. घाण्याचा दगड जनावर फिरवी आणि माणसं हंगामाचे महिनेच्या महिने तिथेच, दिव्याच्या उजेडात राहत. त्यांच्या मुकादमाला म्हणत 'नाकीरो', म्हणजे जहाजाचा कप्तान. कारण सगळे जणू एका जहाजातच अडकलेले! हे तेल जहाजांनी लंडनपर्यंत जाई, खायला नव्हे, दिव्यांत जाळायला.

याच गावाजवळ २०१३ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू सापडला. कॉफीच्या शोभेच्या रोपाबरोबर तो मध्य अमेरिकेतून आला असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. एक तुडतुड्यासारखा किडा रोगी झाडाचा रस पितो, मग निरोगी झाडावर बसतो, झालं! जिवाणू झाडाच्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करतो. झाड उभ्याउभ्या तहानेनं मरतं. औषध अजून नाही.

२०१५ मध्ये युरोपीय संघानं नियम केला. रोगाच्या सीमेवर रोगी झाड सापडलं, की ते तोडायचंच, शिवाय भोवतीच्या १०० मीटरांतली लागण होऊ शकतील अशी निरोगी झाडंही तोडायची. लोक भडकले. पणजोबांनी जपलेलं, हिरवंगार झाड कोण तोडू देईल? त्याच वर्षी डिसेंबरात लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोड थांबवली आणि चक्क शास्त्रज्ञांचीच चौकशी सुरू केली! २०१९ मध्ये ती चौकशी बंद झाली. तोवर रोग उत्तरेकडे सरकतच राहिला. लागण झालेली झाडं दोन कोटींच्या आसपास असावीत, असा शेतकऱ्यांच्या संघटनेचा अंदाज आहे.

मला विचाराल, तर शास्त्रज्ञांचं वेळेवर ऐकायला हवं होतं. पण हे इथे खुर्चीत बसून लिहिणं सोपं आहे. आमच्या शाळेमागच्या चिंचेवर कोणी कुऱ्हाड घेऊन आलं असतं, तर मीच पहिली आडवी गेले असते.

आता तिथे लेच्चीनो आणि एफएस-१७ या जातींची रोपं लावतात, कारण त्यांना हा रोग फारसा नमवत नाही. लाल मातीत कमरेएवढी रोपं, बाजूला जुनी वाळकी खोडं, असं दृश्य दिसतं.

तुमच्या घराजवळ जुनं झाड असेल तर त्याचा घेर दोरीनं मोजा. आणि शेजारची झाडं वाचवण्यासाठी ते हिरवं असतानाच तोडायला सांगितलं, तर तुम्ही काय कराल? पत्रात लिहून पाठवा.