हिरवा पैसा, लाल शेरा

पर्यावरणाची काळजी घेणं या देशात कोणाला परवडतं? ज्याला कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, त्याला. लहान उद्योगांच्या कर्जाच्या फायली तयार करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे ऐकीव बोलत नाही. बड्या कंपनीचा सौरप्रकल्प असला की बँकेचे साहेब स्वतः गाडी काढून तिच्या दारात जातात. कापड रंगवणाऱ्या कारखानदाराने सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटसाठी अर्ज केला की तेच साहेब चष्म्यावरून बघत विचारतात, "यातून उत्पन्न किती वाढणार?"

शून्य वाढणार, साहेब! पाणी स्वच्छ करून सोडलं म्हणून कोणी टॉवेलला चार रुपये जास्त देत नाही. पण प्लँट नसेल तर काय होईल, हे विचारलंत का कधी? 1974 च्या जल प्रदूषण कायद्यातलं कलम 33-अ काढून वाचा. प्रदूषण मंडळ कारखाना बंद करू शकतं, त्याची वीज आणि पाणीही तोडायला लावू शकतं. तमिळनाडूत तिरुपूरला जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेच्या घरात डाइंग युनिट बंद पडली. कारखान्याला कुलूप लागतं तेव्हा आत बँकेचाही पैसा अडकतो. ज्याला कॅश क्रेडिट देऊन ठेवलंय तो कारखाना बंद पडू नये म्हणून लागणारं कर्ज तीच बँक नाकारते, आणि वर याला जोखीम व्यवस्थापन म्हणते!

पैसा नाही ही सबब तर कोणी सांगूच नये. केंद्र सरकारने 2022-23 मध्ये हरित रोख्यांतून 16,000 कोटी रुपये उभे केले. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट 1 जून 2023 पासून लागू आहे. ऊर्जाबचत, पाणी आणि प्रदूषण नियंत्रण त्यात बसतं. लहान उद्योगांना तारणाऐवजी मिळणारी पतहमी 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटींच्या कर्जापर्यंत वाढली. त्याच वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची 1,000 कोटींची योजना आली, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के सवलत देणारी.

आता हे सगळं घेऊन शाखेत जा. पतहमीचं नाव काढलं की मॅनेजर घराचा उतारा मागतो. त्याचंही बरोबर आहे. खातं एनपीए झालं तर खुलासा त्याने द्यायचा, हमीचा दावा लावायची उस्तवार त्यानेच करायची. तारण घेतलं की तो सुटला. चूक मुख्यालयाची आहे. हरित कर्जाचं टार्गेट तिथून येतं. पण असं कर्ज तपासायचं कसं, हे शिकवायला कोणी येत नाही. फाउंड्रीवाल्याने जुनी भट्टी बदलली तर वीजबिलात होणाऱ्या घटीतून हप्ता फिटू शकतो. पण बिल आणि उत्पादन शेजारी शेजारी मांडून तेवढा हिशेब करायची कोणाची तयारी नाही.

आमचे उद्योजकही धुतल्या तांदळाचे नाहीत. काही जण निम्मी विक्री रोखीत करतात आणि ताळेबंदात नफा नावापुरता दाखवतात. कर भरताना गरीब आणि कर्ज मागताना श्रीमंत, हे चालायचं नाही. काहींनी प्लँट बसवला खरा, पण विजेचा खर्च नको म्हणून रात्री तो बंद ठेवून घाण पाणी नाल्यात सोडतात. अशांना एक रुपयाही देऊ नये. पण त्यांच्याकडे बोट दाखवून प्रामाणिक माणसाची फाईल अडवणं, हा आळस आहे.

म्हणून मागणी साधी आहे. कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेनेच सांडपाणी प्लँटचं कर्ज तपासावं, आणि कारखाना बंद पडला तर आपलं किती बुडेल हा आकडा त्या फाईलमध्ये लिहावा. ऊर्जाबचतीच्या कर्जाचा हप्ता मागच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांवरून ठरवावा. आणि हरित ठेवींच्या वार्षिक अहवालात एक रकाना वाढवावा: एक कोटीच्या आतली कर्जं किती? तो रकाना कोरा निघाला, तर झाडाचं चित्र दाखवून आपली ठेव कोणाच्या कारखान्यासाठी नेली, हे ठेवीदाराला निदान कळेल.