वेग आणि उसंत

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या गेल्या दशकातील प्रगतीचा विचार करताना चांद्रयान, जनुकशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा उल्लेख प्रथम होतो आणि तो उचितच आहे. तथापि भारतातील सर्वसामान्य माणसाचा दिनक्रम ज्या शोधाने सर्वाधिक पालटला, तो भाजीच्या पाटीशेजारी टेकवून ठेवलेल्या क्यूआर कोडच्या पुठ्ठ्यावर दिसतो. दि. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते ‘युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस’, अर्थात यूपीआयचा प्रारंभ झाला, तेव्हा त्यात २१ बँका सहभागी होत्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या प्रणालीवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले.

पैसा तत्क्षणी पोहोचविण्याची सोय त्यापूर्वीही होती. २०१० साली आलेल्या आयएमपीएसने ते साधले होते. परंतु खाते क्रमांक, आयएफएससी ही आकडेमोड जुळविताना सामान्य ग्राहक गोंधळून जाई. यूपीआयने हे सारे एका साध्या पत्त्याआड ठेवले आणि एका बँकेच्या अ‍ॅपवरून दुसऱ्या बँकेतील खाते चालविण्याची मुभा दिली. वेग आधीच आला होता, त्याला सुलभतेची जोड आता मिळाली. या कर्तृत्वाचा बँकिंग क्षेत्राला सार्थ अभिमान वाटावा.

मात्र या सुलभतेत एक गोष्ट नकळत हरवली, ती म्हणजे उसंत. धनादेश लिहिताना रक्कम अक्षरी लिहावी लागे, तारीख घालावी लागे, सही जुळावी लागे. वटेपर्यंत दिवस-दोन दिवस जात आणि तोवर मन बदलले तर ‘स्टॉप पेमेंट’चा अर्ज देता येई. (दि. ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशही दिवसभर सलग वटविले जाऊ लागले, हे जाता जाता नमूद करावे.) मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत यावे लागे. “काका, एवढी रक्कम अचानक कशाला लागली?” असे काउंटरवरील कर्मचारी सहज विचारी. हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हता. काहींना तो आगाऊपणाही वाटे. पण त्या एका प्रश्नाने अनेकांना भानावर आणले आहे.

आज तीच ठेव रात्री बारा वाजता मोबाइलवर मोडता येते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली चालणारी लूट नेमकी येथेच फावते. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. तरीही पोलिसी गणवेशातील तोतया व्हिडिओ कॉलवर तासन् तास धमकावतो, कोणाशीही बोलू देत नाही आणि आयुष्यभराची पुंजी वळती करून घेतो. पिन टाकणारा हात खातेदाराचाच असल्याने संगणकाच्या लेखी व्यवहार निर्दोष ठरतो.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही आणि तीन कामकाजी दिवसांत तक्रार आली, तर ग्राहकावर दायित्व नाही, असे त्याचे स्वरूप होते. परंतु भीतीपोटी दिलेली संमती ही संमती मानायची काय, हा प्रश्न त्या चौकटीत मावत नाही.

“ग्राहकांनी सावध राहावे” हा संदेश बँका अखंड पाठवितात. तो आवश्यक आहे, पण सारा भार सत्तर वर्षांच्या निवृत्तिवेतनधारकावर टाकणे न्याय्य नाही. ज्यांनी वेग निर्माण केला, त्यांनीच उसंतही निर्माण करावी. हे अशक्य मुळीच नाही. नव्या मोबाइलवर यूपीआय सुरू केल्यास पहिले २४ तास मोठी रक्कम पाठविता येत नाही. अनेक बँका नवा लाभार्थी जोडल्यावर काही काळ थांबवितात. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ सुविधा तर दि. १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच करण्यात आली, कारण तिचा गैरवापर होत होता.

याच धर्तीवर, नुकत्याच मोडलेल्या ठेवीतून अनोळखी खात्यात प्रथमच मोठी रक्कम जात असेल, तर ती काही तास रोखून धरावी. भाजीवाल्याचे चाळीस रुपये क्षणभरही अडू नयेत. मध्यरात्री रुग्णालयात पैसे भरावे लागले तर काय, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ही सोय सक्तीची न ठेवता ग्राहकाच्या इच्छेवर सोडावी आणि रुग्णालयांची देयके त्यातून वगळावीत.

दि. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार व्यक्तींचे नामनिर्देशन करता येऊ लागले. ही तरतूद खातेदाराच्या पश्चात उपयोगी पडते. त्याच अर्जात आणखी एक रकाना हयातीसाठी असावा: मोठी रक्कम रोखली गेल्यास बँकेने ज्याला दूरध्वनी करावा, अशा एका माणसाचे नाव. ते मुलीचे असेल, शेजाऱ्याचे असेल, जुन्या सहकाऱ्याचे असेल. पैशावर त्याचा काडीचाही अधिकार नसावा. त्याने खातेदाराला फोन लावून एवढेच विचारावे, “काका, एवढी रक्कम अचानक कशाला लागली?”